पित्तरस, जिवाणू आणि मधुमेहावरील शस्त्रक्रिया

मधुमेह हा स्वादुपिंडाशी निगडित विकार, असे आपण शाळेत शिकलो. म्हणूनच जठर-आतड्यांवर शस्त्रक्रिया केली असता तो आटोक्यात येतो, हे ऐकून प्रथम विश्वास बसत नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शल्यविशारद वॉल्टर पोरिस यांनाही त्याचे नवल वाटले, आणि ते त्यांच्या १९९५ सालच्या निबंधाच्या शीर्षकातच उमटले आहे. स्थूलतेसाठी त्यांनी ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केली, त्यांपैकी १४६ जणांना प्रौढवयातील मधुमेह होता. त्यांतील १२१ जणांची रक्तशर्करा पूर्ववत झाली. अनेकांच्या बाबतीत तर वजन फारसे उतरण्यापूर्वीच हा पालट दिसला.

या शस्त्रक्रियेत जठराचा वरचा, जेमतेम ३० मिलिलिटर मावेल एवढा भाग वेगळा करून लहान आतड्याच्या खालच्या भागास जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या आरंभीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते. पित्तरस मात्र जुन्याच वाटेने येतो आणि बराच खाली अन्नास मिळतो. दोन ओढ्यांचा संगम गावाच्या वर होता, तो गावाखाली सरकला, असे समजावे.

येथे पित्त म्हणजे घरोघरी ‘पित्त झाले’ म्हणतात ते नव्हे. ती बहुधा जठरातील आम्लाची तक्रार असते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. स्निग्ध पदार्थांच्या पचनाचे काम आटोपले, की त्यांतील सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटी शोषली जाऊन यकृताकडे परततात. उरलेल्यांवर मोठ्या आतड्यातील जिवाणू प्रक्रिया करतात आणि त्यांची निराळी पित्ताम्ले बनवितात. ही केवळ साबणासारखी द्रव्ये आहेत, असा समज दीर्घकाळ होता. १९९९ मध्ये पेशींतील एक ग्राही पित्ताम्लांना प्रतिसाद देतो असे आढळले आणि पित्ताम्ले हे शरीराचे निरोपेही आहेत, हे ध्यानी आले. आतड्यातील काही पेशी त्यांच्या स्पर्शाने जीएलपी-१ हे संप्रेरक सोडतात, आणि ते जेवणानंतर इन्शुलिन स्रवण्यास चालना देते. वळसा घातल्यानंतर रक्तातील पित्ताम्लांचे प्रमाणही वाढते.

पुरावा उंदरांत मिळाला. २०१३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी शस्त्रक्रिया झालेल्या उंदरांचे जिवाणू जंतुरहित उंदरांत सोडले; त्यांचे वजन आणि चरबी घटली. २०१४ मध्ये पित्ताम्लांचा तो ग्राही नसलेल्या उंदरांचे जठर कापून नळीसारखे केले, तेव्हा उतरलेले वजन परत आले आणि साखरही सुधारली नाही.

एवढ्यावर ‘मधुमेह हा जिवाणूंचा रोग’ अशी आरोळी ठोकणारे आणि चांगल्या जिवाणूंच्या पुड्या विकणारे पुढे आले, यात नवल नाही. परंतु सेंट लुईस येथील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहावा. स्थूल मधुमेहींच्या दोन गटांत प्रत्येकी ११ जण होते. एका गटाने आहाराने, दुसऱ्याने शस्त्रक्रियेने सुमारे १८ टक्के वजन उतरविले. शस्त्रक्रिया झालेल्यांची पित्ताम्ले आणि जिवाणू अधिक बदलले. मात्र इन्शुलिनचा परिणाम आणि साखर दोन्ही गटांत सारखीच सुधारली. माणसांची संख्या लहान असली, तरी माझ्या मते येथे पारडे वजनाकडे झुकते. पित्ताम्ले निरुपयोगी ठरली असे मात्र नव्हे: आतड्यात त्यांना बांधून ठेवणारे कोलेसेव्हेलम हे औषध मधुमेहासाठी अमेरिकेत २००८ मध्ये मान्य झाले, आणि त्याने साखर थोडीफार उतरते.

या शस्त्रक्रियेचा गुण सर्वांमध्ये टिकत नाही. स्वीडनमधील पाहणीत दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रोगमुक्त होते, दहा वर्षांनी ३६ टक्के. वळसा घातलेल्या माणसाला ब-१२ जीवनसत्त्व, लोह आणि कॅल्शियम जन्मभर घ्यावे लागते. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निवेदनानुसार, औषधांनी साखर आटोक्यात येत नसेल तर वजन-उंची निर्देशांक ३० च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार करावा. आशियाई वंशाच्या माणसांसाठी ही मर्यादा २७.५ आहे, कारण आपल्याला तुलनेने कमी वजनातही मधुमेह गाठतो.