रोवणा आटोपला, आता मोळी पडण्याआधी ट्रॅक्टरचा क्लच तपासा



गव्हाणीत मोळी पडली की आपणा सर्वांचे लक्ष तोडणीच्या पाळीकडे, टोळीकडे आणि काट्याकडे लागते. ज्या ट्रॅक्टरवर ऊस काट्यापर्यंत यायचा, त्याच्याकडे मात्र तो वाटेत उभा राहिल्यावरच आपण वळून पाहतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असे आपण नेहमी सांगतो. त्यापुढे ऊस वाळतो, वजन घटते आणि आतील साखरही उतरू लागते. वजनातली घट एकट्या सभासदाच्या पदरात पडते, उताऱ्यातली घट सगळ्यांच्या. म्हणून ऊस विकास विभागाने क्लचवर लिहावे, यात नवल वाटायचे कारण नाही.

ट्रॅक्टरचे इतर किरकोळ बिघाड रस्त्यावर निघतात. पंक्चर निघते, डिझेलची हवा काढता येते. पण क्लचप्लेट बदलायची म्हणजे बहुतेक ट्रॅक्टर मधोमध सोडवून त्याचे दोन भाग करावे लागतात. ऐन जानेवारीत हे काम निघाले तर ट्रॉली भरलेली, टोळी बसलेली आणि ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात, अशी गत होते. म्हणून हे काम रोवणा आटोपल्यानंतर आणि मोळी पडण्याआधीच्या मोकळ्या दिवसांत उरकून घ्यावे. त्यातही सांगायची मुख्य गोष्ट ही, की ट्रॅक्टर खोलण्याआधी पंधरा मिनिटे बाहेरून तपासणी करा. पुष्कळदा दोष प्लेटमध्ये नसून पायडलच्या रॉडमध्ये असतो.

आपल्या भागातली खास अडचण

भंडारा हा धानाचा जिल्हा. वैनगंगेच्या काठी मोहाडी, तुमसर, पवनी, लाखांदूर या तालुक्यांत जो ट्रॅक्टर हिवाळ्यात ऊस ओढतो, तोच पावसाळ्यात केजव्हील लावून चिखलणी करतो. आपल्या बांध्या लहान. दर थोड्या वेळाने धुरा येतो, ट्रॅक्टर वळवावा लागतो आणि प्रत्येक वळणावर क्लच दाबावा लागतो. त्यातून चिखलपाणी क्लचच्या घरात शिरते. रोवणा झाला की तोच ओला ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे कोठ्याशेजारी उभा राहतो. आत गंज चढतो आणि प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. मग पहिल्याच उसाच्या ट्रॉलीला ड्रायव्हर म्हणतो, "गियर पडतच नाही जी!"

क्लच काम कसा करतो

इंजिनाच्या मागे फ्लायव्हील फिरत असते. त्याच्यावर क्लचप्लेट असते आणि तिला मागून प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या जोराने दाबून धरते. या दाबामुळे इंजिनाची ताकद गियरबॉक्सकडे जाते. पायडल दाबला की रॉड आणि फोर्क यांच्यामार्फत रिलीज बेअरिंग पुढे सरकते, फिंगरांवर दाब देते आणि प्लेट मोकळी होते.

म्हणजे दोष मुख्यतः दोनच प्रकारचे. एक, प्लेट पुरी धरली जात नाही. याला क्लच घसरणे म्हणतात. दुसरा, प्लेट पुरी सुटत नाही. मग गियर वाजतात. दोघांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून आधी दोष कोणता ते ओळखावे.

तपासणी पहिली : मोकळी चाल

इंजिन बंद करून पायडल हाताने हलकेच दाबा. सुरुवातीला तो सहज जातो, मग अडकल्यासारखा जड लागतो. तेवढे सहज जाणारे अंतर म्हणजे मोकळी चाल. मिस्त्री तिला फ्री प्ले म्हणतात. पट्टी लावून ती मोजा. पुष्कळ ट्रॅक्टरना ती साधारण २५ ते ४० मिलिमीटर, म्हणजे एक ते दीड इंच असते. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत दिलेला असतो, तोच धरावा.

प्लेट झिजत जाते तशी ही चाल वाढेल असे पुष्कळांना वाटते. रॉडच्या क्लचमध्ये ती उलट कमी होत जाते. ती संपली की बेअरिंग सतत फिंगरांवर टेकून राहते, प्लेट पुरी दाबली जात नाही, घसरते आणि जळते. उलट चाल फार वाढली तर पायडल तळाला टेकूनही प्लेट सुटत नाही.

मागे एका सभासदाचा ट्रॅक्टर नाल्याच्या चढणीवर अडला. इंजिन ओरडत होते, पण चाक फिरत नव्हते. ड्रायव्हरने निकाल दिला, "प्लेट गेली, भाऊ." पायडल हाताने दाबून पाहिला, तर मोकळी चाल मुळीच नाही. क्लच थंड होऊ दिला, चेकनट सैल करून रॉड फिरवला, चाल बसवली आणि नट पुन्हा आवळला. तीच ट्रॉली चढण चढून गेली. दरवेळी इतक्यावर निभावेल असे नाही. पण खोलण्याआधी हे पाहायला काय लागते? एक पाना आणि एक पट्टी. मात्र रॉडचे आटे संपले आणि तरी चाल मिळत नसेल, तर प्लेट झिजली असे समजावे आणि मगच ट्रॅक्टर खोलावा.

तपासणी दुसरी : घसरतो का?

सपाट, मोकळ्या जागेत ट्रॉली सोडून ठेवा. पुढे-मागे माणूस नको, पोरे तर मुळीच नकोत. दोन्ही ब्रेक जोडून लॉक करा, वरचा गियर टाका, इंजिन मंद ठेवून पायडल सावकाश सोडा. इंजिन दमून बंद पडले तर पकड चांगली आहे. ते फिरतच राहिले आणि ट्रॅक्टर जागचा हलला नाही, तर क्लच घसरतो आहे. लगेच पायडल दाबून इंजिन बंद करा. ही परीक्षा एकदाच करावी, दहा जणांना दाखवत बसू नये. प्रत्येक वेळी प्लेट तापते.

तपासणी तिसरी : सुटतो का?

न्यूट्रलमध्ये इंजिन मंद चालू ठेवून पायडल पूर्ण दाबा. मनात पाच आकडे मोजा आणि मग गियर टाका. खरखर वाजला, किंवा पायडल दाबलेला असतानाही ट्रॅक्टर पुढे सरकू लागला, तर प्लेट सुटत नाही. मोकळी चाल बरोबर असूनही असे होत असेल, तर प्लेट चिकटली आहे, वाकली आहे, फिंगर वरखाली झाले आहेत किंवा शाफ्टच्या खाचांत गंज आहे.

ज्या ट्रॅक्टरना दुहेरी क्लच आहे, त्यांत पायडल अर्धा दाबला की चाक थांबते आणि पूर्ण दाबला की पीटीओ थांबतो. ट्रॉली नीट ओढतो पण रोटाव्हेटरला दम धरत नाही, अशी तक्रार असेल तर पीटीओच्या प्लेटकडे पाहावे.

तपासणी चौथी : कानाने ऐका

पायडल हलका दाबताच किरकिर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंग गेले. पायडल सोडलेला असताना आवाज आणि दाबताच बंद, तर दोष बहुधा गियरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा. पायडल पूर्ण दाबल्यावरच आवाज येत असेल, तर फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग तपासावे.

तपासणी पाचवी : खालचे छिद्र

क्लचच्या घराखाली एक लहान छिद्र असते. पुष्कळ ट्रॅक्टरना त्यात कॉटरपिन लोंबत असते, ती छिद्र बुजू देत नाही. चिखलणीनंतर हे छिद्र चिखलाने बंद झालेले असते. ते मोकळे करा आणि काय गळते ते पाहा. पाणी आणि चिखल आला तर तो बांधीचा. काळे, पातळ तेल आले तर इंजिनाचे मागचे ऑइलसील गेले. घट्ट, उग्र वासाचे तेल आले तर गियरबॉक्सकडील सील गेले. तेल मुरलेली प्लेट डिझेलने धुऊन पुन्हा धरत नाही. सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही तशीच जाते. काही ट्रॅक्टरना चिखलणीपुरते या छिद्राला बूच लावण्याची सूचना असते. रोवणा झाला की ते काढायला विसरू नका. नाहीतर आत आलेले पाणी आतच राहते.

खोलावेच लागले तर

मिस्त्रीजवळ स्वतः उभे राहा. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि सील या पाचही गोष्टी एकदमच पाहून घ्या. ट्रॅक्टर सोडवण्याची मजुरी सीलसाठी पुन्हा देण्यात काय अर्थ? लायनिंग रिबिटांपर्यंत झिजली असेल तर प्लेट बदलावी. फ्लायव्हीलवर खोल चरे किंवा निळे डाग असतील तर त्याचा पृष्ठभाग लेथवर सारखा करता येतो का ते विचारावे. फिंगरांची उंची गेजने सारखी लावून घ्या. सीलबंद बेअरिंग डिझेलमध्ये बुडवू देऊ नका. आतले ग्रीस निघून जाते.

आणखी एक गोष्ट जिवाची आहे. जुन्या क्लच लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ छातीत गेली तर कॅन्सरही होऊ शकतो. म्हणून ती धूळ हवेच्या नळीने उडवू नये, तोंडाने फुंकू नये. नाकातोंडाला फडके बांधून ओल्या कापडाने पुसून घ्यावी. मिस्त्रीकडे काम करणारे पोरगेही कुणाचे तरी लेकरू आहे.

ड्रायव्हरला हे सांगून ठेवा

चालताना पायडलवर पाय ठेवू नये. मोकळी चाल बरोबर असली तरी पायाचे वजन ती खाऊन टाकते. भरलेली ट्रॉली खालच्या गियरमध्ये उठवावी. कारखान्याच्या आवारात रांगेत ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून ब्रेक लावावा; चढावर अर्ध्या क्लचवर तोलून धरू नये. त्या वेळी इंजिनाची ताकद चाकाकडे न जाता प्लेट तापवण्यात जाते.

आणि उतारावर भरलेली ट्रॉली असताना क्लच दाबू नये, न्यूट्रल तर कधीच करू नये. इंजिनाचा अटकाव सुटला की मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, आडवी होते आणि उलटते. मग प्लेट नवी आहे की जुनी, हे विचारायला कोणी उरत नाही. उतार ज्या गियरने चढला असता, त्याच गियरने उतरा.

जुनी जीप असेल तर

तपासणीची रीत हीच. केबलची असेल तर केबलच्या तारा तुटल्या-विरल्या आहेत का ते पाहा. तेलावर चालणाऱ्या क्लचला एकदा दाबून गियर पडत नाही, पण तीन-चारदा पंप केल्यावर पडतो, तर आत हवा शिरली आहे किंवा सिलिंडर गळतो आहे. त्यात पुस्तिकेत सांगितलेले ब्रेकचे तेल घाला; इंजिन ऑइल घातले तर आतली रबरे फुगून खराब होतात.

ट्रॅक्टर महिनाभर उभा ठेवायचा असेल तर पायडल दाबून लाकडी ठोकळा अडकवून ठेवा, म्हणजे प्लेट चिकटणार नाही. सुरू करण्यापूर्वी ठोकळा काढा.

बंधूंनो, पाऊस उघडला की एक सकाळ एवढ्यासाठी द्या. पट्टी, पाना आणि कान या तीन हत्यारांनी बरेचसे काम होते. दसऱ्याला आपण ट्रॅक्टर धुतो, हार घालतो, नारळ फोडतो. यंदा नारळ फोडण्याआधी मोकळी चाल मोजा, खालचे छिद्र मोकळे करा आणि मगच पूजा करा. ऊस वेळेवर काट्यावर आला तर त्याचा फायदा तुमचा आणि कारखान्याचाही.