आधी डग्गा, मग सॉफ्टवेअर

लिनक्सवर तालवाद्यांच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांतून रचना करायची, तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? वैशिष्ट्यांच्या याद्या वाचून हे ठरत नाही. मी सरळ झपताल लावून पाहतो.

धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना: मात्रा दहा, विभाग चार. ‘धी’ तबला आणि डग्गा मिळून वाजतो. तो एकत्र मुद्रित केला, तर दोन हातांमधला तोल कायमचा ठरून जातो. म्हणून मी दोन्ही वाद्यांचे नमुने वेगळे घेतो. मग सहाव्या मात्रेला, कालावर, डग्गा काढून घेतला की ‘धी’ची ‘ती’ होते. वादकाचा डावा हातही तिथे तेच करतो.

हायड्रोजन या ड्रम मशीनमध्ये हा ठेका तीन पॅटर्नमध्ये बसतो, कारण चौथा विभाग दुसऱ्यासारखाच आहे. एका बोलाचे हलके, मध्यम, जोरकस नमुने थरांत रचता येतात आणि आघाताच्या जोरानुसार त्यातला एक वाजतो. डग्ग्याचा बंद बोल ‘के’ पडताच खुल्या ‘गे’ची आस तुटायला हवी. दोन्ही एकाच म्यूट ग्रुपमध्ये घातले की तीही तुटते.

अडतं ते घिश्शावर. हायड्रोजनमध्ये प्रत्येक आघाताचा सूर बदलता येतो, पण तो आघाताबरोबर ठरतो आणि तिथेच राहतो. घिश्शात डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा सूर वाजता वाजता चढतो. घिस्सा वेगळा मुद्रित करून ठेवावा, तर लय बदलली की त्याची लांबी जुळत नाही.

इथे मी आर्डॉर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्फिझ हा सॅम्पलर लावतो. तो एसएफझेड फाइल वाचतो. ही फाइल साध्या मजकुराची असते: कोणता नमुना कोणत्या जोराला वाजावा, कशामुळे थांबावा, सूर किती चढावा, हे सगळं हाताने लिहायचं. मग आर्डॉरमध्ये पिच बेंडची रेघ काढली की ‘गे’ तिच्यामागे चढतो. लय बदलली, तर रेघ बदलायची.

ठेका स्थिर असेल तिथे मला हायड्रोजन पुरतं, आणि हात झपाझप चालतो. डग्ग्याला बोलायचं असेल तिथे स्फिझ. हायड्रोजनमधली रचना मिडी फाइल म्हणून आर्डॉरमध्ये नेता येते, त्यामुळे आधीचं काम वाया जात नाही. आपल्या वाद्याचा सर्वांत अवघड बोल आधी मुद्रित करावा आणि त्याच्यावरच प्रत्येक सॉफ्टवेअर पारखावं. सोपे बोल सगळीकडेच वाजतात.