उभ्या पिकाची चोरी आणि न विचारलेला प्रश्न

वडगाव निंबाळकरच्या शिवारात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा असतो. त्याच्या राखणीसाठी रात्र जागविणारा शेतकरी क्वचितच आढळतो. बांधापलीकडे डाळिंबाची बाग असेल, तर मात्र फळ रंगावर येताच मालकाची खाट बागेत जाते. हा फरक का पडावा? ऊस चोरून नेणे अवघड, हे खरेच. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे चोरलेला ऊस विकणे अवघड. कारखान्याकडे लागणीची नोंद असते. ऊस कोणाच्या शेतातला, हे ठरल्यावाचून तो गव्हाणीत पडत नाही. डाळिंब, टोमॅटो यांच्या बाबतीत हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही.

डाळिंबाचा बहर धरल्यापासून फळ हाती येईपर्यंत पाच-सहा महिने जातात. पाणी, खते, औषधे, मजुरी हा सारा खर्च आधीच झालेला असतो, आणि तोही बहुधा कर्जातून. समजा, उत्पन्नाचे दहांपैकी सात हिस्से खर्चात जातात. मग तीन हिस्से चोरीस जाताच वर्षाची संपूर्ण कमाई जाते. पीकविमा नैसर्गिक आपत्तीसाठी आहे. चोरीची भरपाई तो देत नाही. शिवाय चोर येतो तो भाव चढल्यावर. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोमागे १०० रुपयांपलीकडे गेला, तेव्हा शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे एका शेतकऱ्याचा तोडून ठेवलेला सुमारे ४०० किलो माल नाहीसा झाला. मागील वर्षांची तूट ज्या वर्षी भरून निघायची, तेच वर्ष असे हातचे जाते.

कायद्याचा आधारही अपुरा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनुसार ५,००० रुपयांहून कमी किमतीची चोरी अदखलपात्र ठरते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना तपास करता येत नाही. लहान शेतकऱ्याचे चार-दोन क्रेट नेमके याच मर्यादेखाली येतात. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हा आहे. परंतु जेथे विक्रीची नोंदच नाही, तेथे 'जाणूनबुजून' हे सिद्ध कसे व्हावे?

ही अडचण केवळ आपली नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यावर कालवांची शेती होते. कालव वाढण्यास सुमारे तीन वर्षे लागतात, आणि नाताळात मागणी वाढली की चोऱ्याही वाढतात. तेथे पोलीस गस्त घालतात. पण एका उत्पादकाने रिकाम्या शिंपल्यांत चिठ्ठ्या घालून ते चिकटविले व मालात मिसळले. चिठ्ठी ग्राहकाच्या हाती पडावी आणि मालाचा माग लागावा, हा हेतू. पहारा शेतावर असतो, माग बाजारात लागतो, हे त्याने ओळखले.

आपल्या गावगाड्यातही जागल्याने चोराचा माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन द्यावा, अशी रीत होती. आज ती शीव बाजारात आहे. फळे-भाजीपाला विकणाऱ्याचे नाव, गाव आणि गट क्रमांक पावतीवर लिहिण्याची सक्ती बाजार समितीच्या आवारात आणि बाहेरच्या खरेदीतही व्हावी. त्यास फारसा खर्च नाही. उलट, प्रत्येक बागेत जागणाऱ्या माणसाची रात्र हा प्रामाणिक शेतकऱ्यावर बसलेला करच आहे. घेणाऱ्याने 'माल कोणाचा?' एवढे विचारले, तरी त्या खाटांपैकी पुष्कळशा घरी परततील.