उंडी, चिक्की आणि 'प्रोटीन बार'

सकाळच्या साडेआठच्या तासाला वर्गावर नजर टाकली की कोण खाऊन आले आहे आणि कोण नाही, हे शिक्षकाला न विचारता कळते. खानापूर तालुक्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतून पहिल्या बसने येणारी मुले-मुली बहुधा नुसत्या चहावर निघालेली असतात. दहा वाजेपर्यंत त्यांच्या डोळ्यांवर झापड येते. मधल्या सुट्टीत मग वडापाव किंवा कुरकुऱ्याचे पाकीट. दुसऱ्या बाजूला जिमला जाणारी मुले आहेत. त्यांच्या बॅगेत चकचकीत वेष्टनातला प्रोटीन बार असतो. दुकानात अशा एका बारला साठ-सत्तर रुपये सहज पडतात. पहिल्या बसने येणाऱ्या मुलीला ते परवडणारे नाही, आणि खरी गरज तर तिलाच आहे.

पाकशास्त्र हा माझा विषय नव्हे, मी अर्थशास्त्र शिकवतो. पण हिशेब करण्याची खोड असल्याने या बारचा हिशेब घरच्या स्वयंपाकघरात मांडून पाहिला. चार-पाच वेळा करून झाल्यावर जे प्रमाण जमले, ते वाचकांपुढे ठेवतो.

ही वस्तू नवी नाही

पहिला घाणा शेजारच्या अक्कांना नेऊन दिला. त्या गोकाककडच्या. तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या, "सर, ही तर आमची उंडीच की! नुसती चेपून कापलीय."

अक्कांचे म्हणणे अगदी बरोबर होते. नागपंचमीला आपल्या भागातल्या कन्नड घरांत शेंगा उंडी, एळ्ळ उंडी, तंबिट्ट उंडी होतात. मराठी घरांत संक्रांतीला तिळगूळ आणि थंडीत डिंकाचे लाडू होतात. बाळंतिणीला डिंकाचा लाडू दिला काय किंवा बाणंतीला अंटिन उंडी दिली काय, वस्तू एकच. आणि चौकोनी कापलेला 'बार'च हवा असेल तर गोकाकचा आणि बागलकोट जिल्ह्यातल्या अमीनगडचा करदंट आहेच. 'करिद' म्हणजे तळलेला आणि 'अंट' म्हणजे डिंक. तुपात फुलवलेला डिंक, सुकामेवा, खोबरे आणि गूळ एकत्र थापून कापलेली ही वडी 'एनर्जी बार' हा शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून आपण खात आलो आहोत.

फरक एवढाच की सणाच्या पदार्थात गूळ-तूप सढळ असते. रोज डब्यात द्यायचे तर गूळ कमी आणि शेंगदाणे, डाळे, तीळ जास्त असे प्रमाण बदलावे लागते.

प्रथिनांचे गणित

शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात. डाळ्यांत, म्हणजे आपल्या पुटाणीत, सुमारे 22, तिळात 18 आणि साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत सुमारे 36 ग्रॅम. गुळात जवळजवळ काहीच नाही. म्हणून निम्मा गूळ घातलेल्या चिक्कीत शंभर ग्रॅममागे 12-13 ग्रॅमच प्रथिने मिळतात.

दुसरी गोष्ट प्रथिनांच्या दर्जाची. प्रथिने ही अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांतली काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. शेंगदाण्यात आणि तिळात लायसिन कमी पडते, ते डाळ्यांत आणि दुधात भरपूर असते. डाळ्यांत मेथिओनिन कमी, ते तिळात चांगले असते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. शेंगदाणे, डाळे, तीळ एकत्र करण्याचा जुन्या बायकांचा हिशेब पुस्तकाविनाही बिनचूक होता.

साहित्य (16 वड्यांसाठी)

शेंगदाणे 150 ग्रॅम, डाळे 100 ग्रॅम, तीळ 50 ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची पावडर 50 ग्रॅम, चिरलेला गूळ 150 ग्रॅम, तूप 4 लहान चमचे, वेलदोड्याची किंवा सुंठीची पूड आणि चिमूटभर मीठ.

कृती

शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजावेत. घाई केली तर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. तीळ तडतडेपर्यंत भाजावेत, डाळे नुसते गरम करावेत. निम्म्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट करावे, उरलेल्यांच्या पाकळ्या कराव्यात. डाळ्यांचे पीठ करावे. हे सगळे तिळासह एका परातीत मिसळून ठेवावे. दुधाची पावडर वेगळी ठेवावी.

जाड बुडाच्या कढईत तूप, गूळ आणि दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर ठेवावे. गूळ विरघळून फेस आला की वाटीभर गार पाण्यात एक थेंब टाकून पाहावा. बोटांनी त्याची मऊ गोळी वळली की गॅस लगेच बंद करावा. थेंब टणक होऊन 'टक्' वाजेपर्यंत थांबलात तर चिक्की होते, आणि ती आजी-आजोबांच्या दातांना झेपत नाही. गोळीच वळली नाही तर वड्या पडत नाहीत. सगळी मेख या एक-दोन मिनिटांत आहे.

गॅस बंद केल्यावर आधी परातीतले मिश्रण घालून ढवळावे, मग दुधाची पावडर हळूहळू भुरभुरावी. कढई आचेवर असताना पावडर घातली तर गुठळ्या होतात आणि खाली लागते. मिश्रण फारच कोरडे वाटले तर चमचाभर कोमट दूध शिंपडावे, मात्र अशा वड्या लवकर संपवाव्यात. तूप लावलेल्या ताटात मिश्रण ओतून वाटीच्या बुडाने जोर लावून दाबावे. गूळ कमी असल्याने हे दाबणेच वडीला धरून ठेवते. कोमट असतानाच सुरीने खुणा कराव्यात आणि गार झाल्यावर तुकडे सोडवावेत.

घट्ट झाकणाच्या डब्यात त्या दहा-बारा दिवस चांगल्या राहतात. आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात मात्र गूळ हवेतली ओल ओढतो आणि वड्या चिकट होतात. त्या दिवसांत फ्रीजमध्ये ठेवाव्यात किंवा निम्म्याच प्रमाणात कराव्यात.

हाती काय आले?

एका वडीचे वजन 32 ग्रॅमच्या आसपास, प्रथिने सुमारे साडेपाच ग्रॅम. म्हणजे एका अंड्यापेक्षा किंचित कमी. सगळे साहित्य मला शंभर रुपयांच्या आत-बाहेर पडले, म्हणजे वडीला सहा-सात रुपये.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नास किलो वजनाच्या मुलीला साधारण 42 ग्रॅम. दोन वड्यांनी त्यातला चौथा हिस्सा भागतो. बाकीचे आमटी-भाकरी, उसळ, ताक, अंडी यांतूनच यायला हवे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दुकानातल्या महागड्या बारमध्ये दुधातून वेगळे काढलेले प्रथिन घालतात, त्यामुळे त्यात पंधरा-वीस ग्रॅमही असू शकतात. घरच्या वडीत तेवढे येत नाही. डाळ्यांचे निम्मे पीठ काढून तेवढेच नीट भाजलेले सोयाबीनचे पीठ घातले तर वडीमागे सुमारे सहा ग्रॅमपर्यंत मजल जाते. सोयाबीन कच्चे मात्र वापरू नये, त्यातले काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. विकतचा बार घेणाऱ्यांनी पाकिटाची मागची बाजू वाचावी. तेथे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या दोन-तीन नावांतच साखर किंवा ग्लुकोज सिरप दिसले, तर आपण पैसे कशाचे मोजतो आहोत ते कळेल.

थोडी खबरदारी

एका वडीत दीडशेच्या आसपास कॅलरी असतात, त्यामुळे वजन कमी करू पाहणाऱ्यांनी जेवणावर वरून चार वड्या खाऊ नयेत. गूळ ही साखरच आहे, हे मधुमेहींनी विसरू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे. काहींना शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असते. लहान मुलांच्या घशात दाणा अडकू शकतो, त्यांच्यासाठी सगळ्या शेंगदाण्यांचे बारीक कूटच करावे. बुरशी लागलेले, काळपट किंवा कडवट दाणे निवडून टाकावेत. त्यांतले विष भाजल्यानेही पुरते जात नाही.

यंदा श्रावणात घरोघरी उंड्या वळल्या जातील, तेव्हा एक ताट गूळ कमी करून थापून पाहा. त्याला वडी म्हणा, उंडी म्हणा, मुलांना आवडत असेल तर बार म्हणा. सकाळी घाईने बस गाठणाऱ्या लेकीच्या हाती त्यातले दोन तुकडे ठेवा, आणि तिच्या मैत्रिणीसाठी आणखी दोन. त्या मैत्रिणीच्या घरी सकाळी चूल पेटायच्या आधीच बस येत असते.