संगीत नाटकाचा ऑर्गन

संगीत नाटकाचा विषय निघाला की बोलणं गायकनटांवर येऊन थांबतं. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ. फार तर चाली देणारे भास्करबुवा बखले आणि गोविंदराव टेंबे. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांच्याही पुढे, रंगमंचाला लागून बसणाऱ्या ऑर्गनवाल्याची आठवण क्वचितच निघते. मला मात्र ठामपणे वाटतं की आज आपण ज्याला नाट्यसंगीत म्हणतो, त्याचा घाट घडवण्यात त्या लाकडी पेटीचा वाटा एखाद्या मोठ्या संगीतकाराइतका आहे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, तेव्हा पदांची जात वेगळी होती. साकी, दिंडी, कामदा अशा वळणाची ती छोटी पदं कीर्तनाच्या आणि घरगुती गाण्याच्या जवळची. कथा पुढे न्यायची आणि बाजूला व्हायचं, एवढंच त्यांचं काम. सारंगी आणि तबला त्यांना पुरेसा होता.

१९११ साली ‘मानापमान’ आलं आणि चित्र पालटलं. टेंब्यांनी ठुमरी, कजरी अशा पूरब ढंगाच्या चाली मराठी पदांना दिल्या. ते स्वतः नामांकित पेटीवादक होते, हे इथे मुद्दाम लक्षात घ्यायला हवं. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवांनी ख्यालातल्या बंदिशींवर पदं बांधली. आता पद म्हणजे एक छोटी मैफलच झाली. मुखडा घ्यायचा, आलापी करायची, ताना घ्यायच्या, ‘वन्समोअर’ आला की पुन्हा नव्याने मांडायचं. नाटक रात्री सुरू होऊन उत्तररात्रीपर्यंत रंगायचं आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला मायक्रोफोन नव्हता. मैफलीत गवई बसून गातो, दोन तंबोरे त्याच्या कानाशी असतात. नट उभा राहून गातो, चालत जातो, समोरच्या पात्राकडे वळतो. भरजरी शालू नेसून, दागिने घालून, अभिनय सांभाळत गाणाऱ्याला सूर कुठून मिळणार? तो अखंड, भरीव आणि लांबवर ऐकू येणारा हवा. ही गरज ऑर्गनने भागवली.

हे वाद्य आपल्याकडे आलं परदेशातून. पॅरिसच्या अलेक्झांड्र दबँने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. अमेरिकेत त्याच्याच कुळातला पायाने चालणारा ऑर्गन चर्चसाठी आणि घरोघरच्या दिवाणखान्यांसाठी लाखांनी तयार झाला. व्हर्माँटमधल्या ब्रॅटलबरो गावच्या एस्टी कंपनीने एकटीने पाच लाखांवर ऑर्गन बनवले. प्रार्थनेच्या गाण्यांसाठी घडवलेलं हे यंत्र मराठी नाटकवाल्यांनी रागदारीला जुंपलं.

पेटीच्या मागची फळी काढून आत पाहिलं तर कारागिरी डोळ्यांत भरते. खाली दोन पायट्या. त्या आळीपाळीने दाबल्या की भाता आतली हवा बाहेर ओढून टाकतो. आपल्या हातपेटीत भात्यातली हवा सुरांमधून बाहेर ढकलली जाते. या अमेरिकन बांधणीत उलट होतं, बाहेरची हवा सुरांमधून आत खेचली जाते. सूर म्हणजे पितळेच्या बारीक जिभा, प्रत्येक जीभ आपापल्या खाचेत बसवलेली. हवा आत ओढली जात असल्यामुळे स्वराची सुरुवात मऊ होते, त्याला टोक येत नाही. पट्ट्यांच्या वर ओळीने स्टॉप असतात. ते ओढले की सुरांच्या निरनिराळ्या रांगा खुल्या होतात, कुठे खर्जाची भर पडते, कुठे आवाज पातळ होतो. गुडघ्यांपाशी लाकडी दांडे असतात. गुडघा बाहेर रेटला की आतली झडप उघडते आणि आवाज फुलतो.

यातली खरी किल्ली म्हणजे भाता पायाकडे गेल्यामुळे दोन्ही हात मोकळे झाले. हातपेटीवाल्याचा एक हात भात्यात अडकलेला असतो. ऑर्गनवाला डाव्या हाताने षड्ज-पंचम धरून ठेवतो आणि उजव्या हाताने गायकाच्या मागोमाग जातो. नट श्वास घ्यायला थांबला की ती जागा भरतो, तान संपताना मुखड्याची वाट दाखवतो, आणि गुडघ्याने आवाज इतका आवरतो की गळा झाकला जाऊ नये. गद्यसुद्धा त्याला पाठ लागतं. पदाआधीच्या शेवटच्या वाक्याला नटाच्या पट्टीतला सूर हळूच द्यायचा असतो. एकाची पट्टी काळी एक, दुसऱ्याची पांढरी चार. एकाच प्रवेशात दोघांची पदं लागोपाठ आली तर क्षणात सगळी बोटं बदलावी लागतात.

गंधर्व मंडळीचा साथसंगतीचा ताफा हा या साऱ्याचा कळस. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा. या रचनेत फार मोठी समज आहे. ऑर्गनच्या पट्ट्यांत मींड नाही, दोन स्वरांमधली श्रुती नाही. बालगंधर्वांचं गाणं तर त्या मधल्या जागांवरच उभं. म्हणून सारंगी गळ्याला चिकटून चालायची आणि ऑर्गन खाली जमीन धरून राहायचा. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली.

पेटीच्या या मर्यादेवर त्या काळात पुष्कळ खल झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुती-हार्मोनियमचा प्रयोग केला. १९१६ मध्ये बडोद्याला भरलेल्या संगीत परिषदेत ती पेटी मांडली गेली, पण गवयांमध्ये ती रुजली नाही. पुढे १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत. विरोधकांचा शास्त्रीय मुद्दा खोटा नव्हता. तरी रंगभूमीने पेटी सोडली नाही याचा मला आनंद वाटतो, कारण तिथली गरज बैठकीपेक्षा वेगळी होती आणि नाटकवाल्यांनी ती कानाने ओळखली होती.

बोलपट आला तेव्हा हीच माणसं तिकडेही दिसली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’चं संगीत टेंब्यांचं आणि त्यात हरिश्चंद्रही तेच. नाटक मंडळ्या मात्र एकेक करून कर्जात बुडाल्या. ऑर्गनची परंपरा पुढे ज्यांनी चालवली त्यांत गोविंदराव पटवर्धनांचं नाव आदराने घ्यायला हवं. गायकाच्या मनातली जागा त्याच्या आधी त्यांच्या बोटांत आलेली असायची, असं त्यांची साथ ऐकताना वाटतं.

आज कोकणात आणि गोव्यात हौशी मंडळी अजून ‘सौभद्र’ करतात, ‘मानापमान’ करतात. ऑर्गनच्या जागी बहुतेक ठिकाणी हार्मोनियम किंवा विजेचा कीबोर्ड असतो. त्यांची अडचण खरी आहे. जुना ऑर्गन जड, टेम्पोत चढवायला चार माणसं लागतात. दमट हवेत लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, भात्याचं कापड चिरतं, एखाद्या सुरावर धूळ बसली की तो मुका होतो. तो सूर आकड्याने अलगद बाहेर ओढून, पुसून, पुन्हा स्वरात आणून बसवणारे हात थोडे उरले आहेत. कीबोर्डमध्ये ऑर्गनचा आवाज भरून मिळतो, पण नटाचा दम पाहून पायट्यांचा वेग कमी-जास्त करणं आणि गुडघ्याने पदाला उभारी देणं त्या बटणांत येत नाही. ज्या गावात, ज्या वाड्यात असा ऑर्गन अजून पडून आहे, त्यांनी तो शोभेला न ठेवता दुरुस्त करून घ्यावा, आणि पुढच्या प्रयोगाला गाणाऱ्या पोरांच्या पुढ्यात आणून ठेवावा.