कोळसा : मुद्दल की व्याज?

बँकेत नोकरी करणाऱ्यास मुद्दल व व्याज यांतील फरक निराळा शिकवावा लागत नाही. मुदत ठेवीच्या व्याजावर कुटुंब वर्षानुवर्षे चालते. परंतु ठेवच मोडून खाल्ली तर एक दिवस खाते कोरे होते. भूगर्भातील कोळसा ही अशीच ठेव होय. ती दरवर्षी वाढत नाही, फक्त घटते.

आपल्या विदर्भात चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी, उमरेड हा पट्टा कोळशावर जगतो. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. खाणीतील कामगार, कंत्राटी मजूर, ट्रकचालक, नाक्यावरचा चहावाला या सर्वांची चूल कोळशाच्या आधाराने पेटते. धूळ व राखही त्यांच्याच वाट्यास येते.

कोळसा जळताना त्यातील कार्बनाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो. १२ भाग कार्बनापासून ४४ भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. कोळशावर तयार झालेल्या एका युनिट विजेमागे सुमारे एक किलो वायू हवेत जातो. विद्यार्थी मित्रांनी घरचे वीजबिल काढून हिशेब करून पाहावा : अशा १०० युनिटांमागे एक क्विंटल! या वायूमुळे पृथ्वीचे तापमान वाढते. म्हणूनच २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत जाहीर केले.

तेव्हा प्रश्न असा, की कोळसा मागे पडेल तेव्हा या पट्ट्यातील माणसाने काय करावे? याचे उत्तर कोळशाच्या कमाईचा विनियोग आज कसा होतो यावर अवलंबून आहे.

नॉर्वेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९६९ मध्ये तेथे समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला. १९९० मध्ये कायद्याने निधी स्थापन झाला व १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम जमा झाली. निधीच्या अपेक्षित परताव्याइतकेच सरकारने खर्चावे, असा दंडक २००१ पासून आहे. प्रथम चार टक्के, २०१७ पासून तीन टक्के. म्हणजे मुद्दल शाबूत! परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नॉर्वेची घरची वीज बहुतांशी जलविद्युत आहे. विकलेले तेल मात्र परदेशी जळते व तो धूर घेणाऱ्याच्या नावे लिहिला जातो. पैशाचा हिशेब चोख, कार्बनचा अर्धा.

आपल्याकडेही असा विचार झालेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत १९४४ मध्ये कोळशावर उपकर बसवून खाण कामगार कल्याण निधी निर्माण झाला. ज्याच्या घामाने कोळसा वर येतो, त्याचा त्या कमाईवर हक्क आहे, हे तत्त्व त्यामागे होते.

पुढे २०१० मध्ये स्वच्छ ऊर्जेसाठी कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लागू झाला व २०१६ मध्ये तो ४०० रुपयांवर गेला. परंतु २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर त्याची जागा राज्यांच्या महसुलाच्या भरपाईसाठीच्या उपकराने घेतली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कोळशावरील तोही उपकर उठला. खाते एका नावाने उघडले, पैसा दुसरीकडे वळला!

आता हाताशी आहे ते जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ च्या कायदादुरुस्तीनुसार खाणधारकास रॉयल्टीशिवाय ठरावीक हिस्सा त्यात भरावा लागतो. तो पैसा खाणबाधितांच्या पाणी, आरोग्य, शिक्षण व कौशल्य शिक्षणासाठी आहे. आपल्या गावास त्यातून काय मिळाले, हे ग्रामसभेत किती जण विचारतात?

सौर पॅनेल व बॅटऱ्यांनाही तांबे, लिथियम, कोबाल्ट लागतेच. म्हणजे उद्याही खाणी राहतील, फक्त जागा बदलेल. म्हणून हिशेब मागण्याची सवय आजच लागली पाहिजे. खाणकामगाराच्या मुलाला कोळसा संपण्यापूर्वी दुसरे कौशल्य मिळाले, तरच मुद्दल सत्कारणी लागले असे म्हणता येईल. पासबुक आपले आहे. नोंदी तपासण्याचे कामही आपलेच आहे.