स्वमग्नता : रेषा कोठे ओढावी?

सात-आठ वर्षांचा एक मुलगा आजोबांबरोबर दुकानात येतो. प्रत्येक मालाचा भाव त्याला तोंडपाठ असतो. परंतु गिऱ्हाइकाने नाव विचारले तर तो मान वर करीत नाही. दुसऱ्या घरी त्याच वयाची मुलगी अद्याप एक शब्दही बोलत नाही, आणि मिक्सर सुरू होताच कानांवर हात ठेवून आक्रोश करते. या दोन्ही मुलांच्या कागदावर डॉक्टर आज एकच नाव लिहू शकतात : स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम. इतक्या भिन्न मुलांना एकच नाव का, असा प्रश्न पालकांना पडतो. तज्ज्ञांमध्येही याच प्रश्नावर वाद आहे.

व्याख्या कशी बदलली?

१९४३ साली बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स अस्परगर यांनी अस्खलित बोलणाऱ्या, पण इतरांत न मिसळणाऱ्या मुलांचे वर्णन केले. अनेक वर्षे कॅनर यांचीच संकुचित चौकट प्रमाण मानली गेली. १९७९ मध्ये लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कँबरवेल भागातील पाहणीतून दाखवले की त्या चौकटीत न बसणाऱ्या कितीतरी मुलांच्या अडचणी त्याच जातीच्या आहेत. विंग स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. येथूनच ‘वर्णपट’ ही कल्पना रुजली. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेने अस्परगर हा वेगळा प्रकार रद्द केला आणि सर्वांना एका नावाखाली आणले. आता संवादातील अडचण आणि ठराविक गोष्टींचा अट्टहास या दोन बाजू पाहून, मुलाला किती आधार लागेल याच्या तीन पायऱ्या ठरवल्या जातात.

या एकीकरणाचे समर्थक म्हणतात की पूर्वी मुलाला कोणते उपनाव मिळेल, हे बरेचदा तपासणाऱ्या केंद्रावर अवलंबून असे. विरोधकांचे म्हणणे असे की ज्यांना आयुष्यभर अहोरात्र सांभाळावे लागते, त्यांचे दुःख या व्यापक नावात झाकले जाते. म्हणूनच २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने अशांसाठी स्वतंत्र संज्ञा सुचवली. त्यावरही आक्षेप आला : असा शिक्का बसलेल्या मुलाला शिकवण्याचा प्रयत्नच सोडून दिला तर?

काट्याला आकडा हवा

आपल्याकडे या वादाला आणखी एक पदर आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत ती आली. प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरली जाते. तिच्यात ४० मुद्दे असून प्रत्येकाला एक ते पाच गुण देतात. बेरीज ७० च्या खाली राहिली तर स्वमग्नता नाही, असे ठरते. वर्णपटात कोठेही तुटक रेषा नसते. कायद्याला मात्र रेषा ओढावीच लागते. ६८ गुणांचे मूल आणि ७२ गुणांचे मूल यांच्या घरच्या रात्री सारख्याच जागरणाच्या असतात. सवलत मात्र एकालाच मिळते. म्हणून पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे : निदान आणि प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र मिळो वा न मिळो, उपचार थांबवू नयेत.

आपल्या घरांत

कोणतीही रक्ततपासणी वा मेंदूचे छायाचित्र स्वमग्नतेचे निदान करीत नाही. ते मुलाचे वागणे पाहून आणि पालकांचे ऐकूनच होते. म्हणून घरच्यांनी खरे सांगणे फार महत्त्वाचे. आणि नेमके तेथेच आपण कचरतो. ‘याचे काकाही उशिराच बोलले’, ‘घरात मारवाडी, शेजारी मराठी, शाळेत इंग्रजी, म्हणून गोंधळला असेल’, अशी समजूत घातली जाते. अनेक भाषांमुळे स्वमग्नता होत नाही. आईच्या थंडपणामुळे ती होते हा जुना समजही विज्ञानाने केव्हाच मोडीत काढला आहे. तरी सुनेकडे बोट दाखवणे अजून थांबलेले नाही. मोठ्या बहिणीचे स्थळ मोडेल या भीतीने तपासणी दोन-तीन वर्षे पुढे ढकलली जाते, आणि शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे हातची जातात.

वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचे बोटाने काही दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द गळून गेले असतील, तर वाट पाहू नये. प्रथम श्रवण तपासावे. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग व मानसोपचार विभागांपासून आरंभ करता येतो. पुढे गरज भासल्यास नागपूर आहेच.

तज्ज्ञांचा वाद चालू राहील; व्याख्या पुन्हा बदलेलही. नाव कोणतेही असो, आपल्या मुलाला आज काय जमते, काय जमत नाही आणि त्याला कशाचा त्रास होतो, या तीन गोष्टींची नोंद घरात रोज व्हावी. दुकानाची रोजकीर्द आपण एक दिवसही चुकवत नाही. ही वहीही तितक्याच निष्ठेने लिहावी. डॉक्टरांनाही तिच्याइतका उपयोगी कागद दुसरा मिळणार नाही.